तुम्ही विचारलंत म्हणून : झुडूप बडवायचं कशाला?

‘बीट अराउंड द बुश’ म्हणजे मुद्द्याचं सोडून इकडचं तिकडचं बोलणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण यात झुडूप कुठून आलं आणि त्याला बडवायचं कशाला, हे मला इंग्रजीच्या वर्गात दर बॅचला कुणीतरी विचारतंच. (मागच्या बाकावरून एखादा जॉर्ज बुशलाही यात ओढतो. त्यांचा काही संबंध नाही.)

झुडूप शिकारीतलं. जुन्या इंग्लंडमध्ये पाखरं धरायला लोक रात्री निघत. पाखरं कुंपणाच्या दाट झाडीत झोपलेली. एकाच्या हातात दिवटी, दुसऱ्याकडे जाळं, बाकीचे काठ्यांनी झाडी बडवणार. दचकून उठलेलं पाखरू अंधारात उजेडाकडे झेपावायचं आणि जाळ्यात अडकायचं. आपल्याकडे शिकारीत आरडाओरडा करत, डबे बडवत जनावर उठवणारे हाकारे असत, त्यांचेच हे विलायती भाऊबंद. काटे यांच्या वाट्याला, पाखरू जाळंवाल्याच्या.

म्हणून सुरुवातीला या शब्दांत टाळाटाळ नव्हतीच, कुरकुर होती. १४४० च्या सुमाराच्या ‘जेनेरिडीज’ या इंग्रजी काव्यात म्हटलंय, कुणी झुडूप बडवतात आणि पाखरं कुणी नेतात. सोळाव्या शतकात जॉर्ज गॅस्कॉइन या इंग्रज कवीनं हाकाऱ्याला झुडपाच्या ‘भोवती’ काठी मारायला लावलं, पण पाखरं दुसऱ्यांनी धरली हे त्यानंही सांगितलं. पुढे बोलण्यातून पाखरू गळालं आणि मागे राहिला तो नुसताच झुडपाभोवती काठी आपटत फिरणारा माणूस. बिचारा नेमून दिलेलं काम करत होता!

मला तर त्याची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या नात्यातल्या एका काकूंचा फोन आला की आधी पाऊस होतो, मग आईचे गुडघे, मग तुरीच्या डाळीचा भाव. मग अगदी सहज, “तुझ्या त्या मैत्रिणीचा भाऊ अजून पुण्यालाच असतो ना गं?” स्थळाची चौकशी आहे हे मला डाळीपाशीच कळलेलं असतं. मी जरा गप्प राहिले की काकू लगेच पावसावर परत. काही विचारलंच नाही, तेव्हा नकारही नाही, आणि पुढच्या लग्नात आम्ही दोघी एकाच पंगतीत खुशाल जेवतो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणून आपण याला हसतो, पण भांडं लपवलेलं असलं तरी ताक हवंय हे समोरच्याला कळावं, असाच सगळा बेत असतो.

खिडकीपलीकडून “फाइल वरती गेलीय, साहेब रजेवर आहेत, सोमवारी बघू” म्हणणाऱ्याचं तसं नाही. ती उडवाउडवी. इंग्रजीत त्यालाही हाच वाक्प्रचार सर्रास लावतात. मी वर्गात लावू देत नाही. काकूंना पाखरू हवं असतं. या गृहस्थांना ते झुडपातच झोपलेलं बरं.

आणि हो, ‘अबाउट’ की ‘अराउंड’? ब्रिटनमध्ये ‘अबाउट’ जास्त, अमेरिकेत ‘अराउंड’. दोन्ही बरोबर.