वाजतोय ना, मग हात कशाला लावायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि या खेपेला जरा सविस्तर. प्रश्न नेहमीचाच: ‘जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर छान वाजतोय, मग आतले कपॅसिटर कशाला बदलायचे? त्याचं मूळपण जातं ना!’

कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. ते सगळे बदला असं मी म्हणतच नाही. सिरॅमिक आणि मायकाचे बहुधा ठणठणीत निघतात. व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, संशय तर सगळ्यात शेवटी घ्यावा. माझं भांडण एकाशीच आहे: आउटपुट (स्पीकर चालवणाऱ्या) व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, जोडलेला मेणकागदाचा कपलिंग कपॅसिटर.

त्याच्या एका टोकाला आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडचे (धन पत्र्याचे), समजा, १५० व्होल्ट. दुसऱ्या टोकाला ग्रिड. गाणं पुढे सोडायचं आणि डीसी (एकाच दिशेचा स्थिर दाब) अडवायचा, एवढंच त्याचं काम. कागदात ओल शिरली की डीसी झिरपायला लागतो. कपॅसिटरचा रोध १०० मेगओहम असेपर्यंत ४७० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर जेमतेम ०.७ व्होल्ट पडतात. कानाला पत्ताही लागत नाही. तोच रोध १० मेगओहमवर घसरला की होतात ६.७. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हचा नेहमीचा बायस (करंट आवरून धरणारा ग्रिडवरचा दाब) उणे ७.३ व्होल्ट, म्हणजे फिक्स्ड बायस (बाहेरून दिलेला ठराविक) असेल तर तो जवळपास पुसलाच गेला. बायस कॅथोडच्या (व्हॉल्व्हच्या ऋण टोकाच्या) रेझिस्टरवर मिळत असेल तर तो थोडंफार सावरून घेतो. पण हा व्हॉल्व्ह २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअरवर आधीच त्याच्या १२ वॅटच्या मर्यादेला टेकलेला असतो. वर काही झेपायला जागाच नाही, आणि बायस गेला की करंट वाढतो. खोलीत अंधार केलात तर अ‍ॅनोडच्या पत्र्यावर मळकट लाल डाग दिसेल. तो दिसला की त्याच क्षणी बंद करा. नाहीतर पुढे रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जातो किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसाच दुसरा मिळवणं महाकठीण. गळती गरम झाल्यावर वाढते, म्हणून ‘पाच मिनिटं वाजवून पाहिला, ठीक आहे’ याला पुरावा म्हणू नका.

तपासणी सोपी आहे. प्लग काढा. फिल्टर (डीसी गुळगुळीत करणाऱ्या) कपॅसिटरच्या धन टोकापासून चॅसीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत, १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर धरा आणि मीटरवर व्होल्टेज उतरल्याची खात्री करा. प्लग काढल्यावरही तिथे ३००-४०० व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. मग कपॅसिटरचं फक्त ग्रिडकडचं टोक सोडवा आणि त्या मोकळ्या टोकापासून चॅसीपर्यंत मल्टिमीटर चिमट्यांनी लावा. स्पीकर जोडलेलाच ठेवा. आता चालू करा. चांगला कपॅसिटर एक झटका दाखवून शून्याकडे येतो. मीटरचा रोध १० मेगओहम असेल तर वरचा १०० मेगओहमवाला साडेतेरा व्होल्टवर बसून राहील. तो गेलाच समजा. जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर लावा.

पूर्वी मीच सांगायचो, व्हेरिअ‍ॅकने (मेनचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज तासाभरात हळूहळू चढवा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असेल तर त्यात फारसा अर्थ नाही: हीटर अर्धवट तापलेला असेपर्यंत एचटी (व्हॉल्व्हांना लागणारा उच्च डीसी दाब) जेमतेम येतो, मग एकदम उसळतो. मेनच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब बरा. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. कपलिंगची गळती मात्र त्यालाही दिसत नाही.

हम (घूं असा आवाज) येतोय म्हणून पहिल्या फिल्टरला वाटेल तेवढा मोठा कपॅसिटर लावू नका. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला ६० मायक्रोफॅरड ही कमाल, ईझेड८१ला ५०.

मूळपणाचं म्हणाल, तर काही जण मेणाची नळी पोकळ करून आत नवा कपॅसिटर बसवतात. हे जतन की ढोंग, माझं अजून ठरत नाही. मी काढलेला भाग पाकिटात घालून, आधीचं आणि नंतरचं कॅथोड व्होल्टेज वर लिहून, अ‍ॅम्प्लिफायरसोबतच ठेवतो.