तुम्ही विचारलंत म्हणून : ही पतंगाची फिरकी कशाला?

बदलापूरला उल्हास नदीवर गळ टाकून उभा राहिलो की कुणीतरी विचारतंच, "काका, ही पतंगाची फिरकी कशाला? साधं रील स्वस्त मिळतं, शिवाय लांबही फेकतं." दोन्ही खरं आहे. तरी सांगतो.

फिरकीसारखं दिसणारं हे माझं मासेमारीचं रील, सेंटरपिन. म्हणजे मधल्या पिनेवर मोकळी फिरणारी चकती, तिच्यावर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला. गिअर नाही, ड्रॅग (दोरा रोखणारा ब्रेक) नाही. मासा पळाला की ब्रेक काय तो आपला अंगठा. ही चाल इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, ट्रेंट नदीवरची. आज कॅनडा-अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या नद्यांवर स्टीलहेड मासा धरायला ती वापरतात. म्हणजे हे वाहत्या पाण्याचं अवजार. ठाण्याच्या उपवन तलावासारख्या साचलेल्या पाण्यावर त्याची खरी मजा नाही.

उल्हासचं तसं नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी तिला मिळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही धार असते. या धारेत साध्या रीलने फ्लोट (गळाच्या दोऱ्यावरचा तरंगता बोंडा) सोडून बघा. बेल (रीलवरची दोरा अडवणारी तारेची कडी) उघडी ठेवली तर तंगूस वेटोळ्यांनी सुटतो आणि फ्लोट गचके खात जातो. मिटली तर फ्लोट जागीच अडतो आणि आमिष वर उचललं जातं. सेंटरपिनची चकती धारच फिरवते, ढील आपोआप मिळत राहते.

पण खरी मजा पुढे आहे. नदीचं वरचं पाणी जोरात पळतं, तळाजवळचं तळाला घासत सावकाश जातं. फ्लोट अगदीच मोकळा सोडला तर तो पुढे धावतो आणि आमिष मागून फरफटतं. म्हणून चकतीच्या कडेला अंगठा जेमतेम टेकवायचा आणि फ्लोट किंचित रोखायचा. मग कणकेची गोळी पुढे, शिसं तिच्या मागे, फ्लोट सगळ्यांत शेवटी. चिलापी माशाला आधी गोळी दिसते, तंगूस नंतर. फ्लोटचं टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला जरासं कललं की समजायचं, जमलं.

आता रड ऐका. फेकणं महाकठीण. वॉलिस कास्ट नावाच्या फेकीत एका हाताने तंगूस ओढून चकतीला गती द्यायची, त्याच झोक्यात फ्लोट सोडायचा आणि तो पाण्याला टेकायच्या आत अंगठा लावायचा. क्षणभर उशीर झाला की चकती गरगरत राहते आणि गुंता सोडवण्यात सकाळ जाते. साइड कास्ट सोपा, पण त्याने तंगुसाला पीळ भरतो. गुंडाळायचं तर साडेचार इंची चकतीवर एका फेऱ्याला जास्तीत जास्त ३६ सेंटिमीटर. ३० मीटरवरून परत आणायला ८०च्या वर फेरे! घाई असली की मी कडेवर थापट्या मारून चकती पळवतो. काठावरची पोरं खिदळतात, खिदळू देत.

तंगूस पाण्यावर लोळू नये म्हणून रॉडही १२-१३ फुटी लागतो. तीन तुकड्यांत सुटतो, त्यामुळे लोकलचं अडत नाही. झाडाखाली उभं राहिलात की अडतं. जलपर्णीचं तर बोलायलाच नको. ऐरोली-वाशीकडे खाडीला ओहोटीची धार झकास असते, पण खारं पाणी बेअरिंग खातं. माझं रील मी तिकडे नेत नाही.

मग घ्यावं का? पिशवीभर मासे हवे असतील तर नको. फ्लोट चालवण्यातच गोडी वाटत असेल तर घ्या, पण आधी हात बसतो का ते बघा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की बदलापूरला या, माझ्या रीलवर करून बघा. जुलै-ऑगस्टात मात्र काठाकडे फिरकूसुद्धा नका. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती याच नदीच्या पुरात.