ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा लाईटचा स्विच बदलला, त्याचा अनुभव

पांदणीतल्या गचक्यांना हेडलाईट मिटायचे आणि स्विच एका बाजूला दाबून धरला की परत लागायचे. पंधरा-वीस मिनिटांनी नॉबला हात लावला तर तो कोमट लागे आणि डॅशबोर्डातून जळक्या प्लास्टिकचा वास येई. बल्ब किंवा फ्यूज गेला तर अशी लक्षणे दिसत नाहीत. दाबल्यावर लाईट लागतो आणि नॉब गरम होतो, म्हणजे दोष स्विचच्या आतल्या पत्त्यांत (एकमेकींना टेकून वीज जोडणाऱ्या पट्ट्यांत) आहे.

तरीही नवा स्विच आणण्याआधी मोजून खात्री करावी. बॅटरीची केबल काढून पॅनलचे चार स्क्रू सोडले, पॅनल पुढे झुकवले आणि केबल परत जोडून लाईट लावले. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. लाल टोक स्विचला बॅटरीकडून येणाऱ्या टर्मिनलवर आणि काळे टोक हेडलाईटकडे जाणाऱ्या टर्मिनलवर धरले. धड स्विचवर हा आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो, इथे १.९ आला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असताना बल्बपर्यंत १०.१ च पोचत होते. हॅलोजन बल्बचा दाब (व्होल्टेज) १० टक्क्यांनी उतरला की उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. इथे तो जवळपास निम्म्यावर आला होता.

स्विच जळतो कशाने, हे समजून घेतले नाही तर नवाही जळणार. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, ११० वॅट घेतात, म्हणजे १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा खटका) नसतो, हा सगळा करंट स्विचच्या दोन लहान पितळी पत्त्यांतून जातो. थ्रेशरवर उडणारी कुटाराची धूळ आणि पावसाळ्यातली ओल आत शिरते, पत्त्यांवर काळा थर धरतो. थर धरला की ती जागा तापते, तापली की आतली स्प्रिंग नरम पडते, स्प्रिंग सैल झाली की पत्ता नीट टेकत नाही आणि आणखी तापतो. दाब उतरल्याने करंटही थोडा उतरतो, तो ८ धरला तर १.९ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर म्हणजे १५ वॅट. सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या निम्म्याहून जास्त उष्णता काडेपेटीएवढ्या प्लास्टिकात सतत कोंडली जात होती, वर एप्रिल-मे मधला ४५ अंशांचा उन्हाळा. कुणी यावर १००/९० वॅटचे बल्ब बसवतात. मग करंट १५ अँपिअर आणि त्याच्याही वर जातो आणि स्विच एक हंगामही काढत नाही.

काढताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आधी सोडावे. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलो आणि पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट होतो. नॉबच्या मानेवर बारीक छिद्र असते. त्यात ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) असेल तर बारीक पेचकस, खिट्टी असेल तर खिळ्याचे टोक दाबून नॉब ओढावा. त्याखालच्या गोल नटाला दोन खाचा असतात. नट गंजून धरलेला असतो, म्हणून डिझेलचे चार थेंब सोडून पंधरा मिनिटे थांबलो. टोकदार पक्कड दोन्ही खाचांत बसवून फिरवली. घाईत ती घसरते आणि पॅनलवर चरा पडतो.

वायरी काढण्याआधी मोबाईलवर दोन बाजूंनी फोटो घ्यावेत आणि प्रत्येक वायरीला टेप लावून नंबर लिहावा. रंगावर भरवसा ठेवू नये, कारण आधीच्या दुरुस्त्यांत हाती आली ती वायर जोडलेली असते. बऱ्याच स्विचवर ३०, ५८, ५६ असे आकडे कोरलेले असतात: ३० बॅटरीकडून, ५८ पार्किंग आणि मागचे लाईट, ५६ हेडलाईट. ५६ च्या भोवतीचे प्लास्टिक वितळून तपकिरी झाले होते आणि टर्मिनल बोटाने हलत होते.

तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुना स्विच बरोबर न्यावा. मॉडेल सांगून भागत नाही. मानेची जाडी, आट्यांची लांबी, दांडी गोल की एका बाजूने चपटी, आणि टर्मिनल किती, एवढे जुळायला हवे. सोबत लहान लोहचुंबक नेले होते. टर्मिनलला चिकटले तर ते वरून मुलामा दिलेले लोखंड आहे, पितळ नाही, आणि असा स्विच घेऊ नये. आकडे कोरलेले नसतील तर दुकानातच मल्टिमीटर बीपवर (जोड असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून प्रत्येक खटक्यावर कुठली दोन टर्मिनले जोडली जातात ते पाहून कागदावर उतरवावे. ५८ आणि ५६ ची अदलाबदल झाली तर पार्किंगच्या खटक्यावरच हेडलाईट लागतात.

जळक्या टर्मिनलवरची वायर तशीच नव्या स्विचला लावणे ही नेहमीची चूक. तांबे आतून काळे आणि ताठ होते, त्याला लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची पकड) धरत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर कापत गेलो, साधारण दोन इंच गेली. तेवढा २.५ चौ. मिमीचा तुकडा क्रिम्पच्या (दाबून आवळायच्या) जोडाने वाढवला आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घेतली. स्लीव्ह जोड करण्याआधीच वायरीत ओवून ठेवावी लागते. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड इथल्या उन्हात टिकत नाही, गोंद पाझरून टेप सुटते. नुसते सोल्डरही नको, कारण सोल्डर जिथे संपते तिथे हादऱ्यांनी वायर तुटते.

आता रिले. एक रिले स्विचनंतर लावला तर स्विच वाचतो, पण डिपरचा खटका (झोत वर-खाली करणारा) तोच करंट सोसत राहतो. म्हणून डिपरच्या खटक्याच्या पुढे दोन रिले बसवले, एक अपरला (वरच्या झोताला), एक डिपरला. डिपरच्या खटक्यातून बल्बकडे जाणारी वायर रिलेच्या ८६ नंबरच्या पिनवर, ८५ अर्थला (बॉडीला), ३० ला बॅटरीचे पॉझिटिव्ह आणि ८७ वरून बल्बला. १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे चार पिनांचे रिले घ्यावेत. पाच पिनांच्या रिलेत मधली ८७ए पिन लाईट बंद असतानाच जिवंत असते. तिच्यावर चुकून बल्बची वायर बसली तर लाईट उलटे चालतात. ३० साठीची वायर २.५ चौ. मिमीची, आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज लांब ठेवला तर त्याच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तर करंट कुणी थांबवत नाही, ती टोकापर्यंत जळते.

रिले बॅटरीच्या पेटीजवळ, सायलेन्सरपासून दूर, पिना खाली करून बसवले म्हणजे पाणी साचत नाही. अर्थच्या बोल्टखालचा रंग चमक दिसेपर्यंत खरवडला. रंगावर आवळलेला अर्थ सुरुवातीला चालतो आणि पहिल्या पावसात लाईट मंद करतो. वायरी वळ्यांच्या पाईपातून नेल्या, कारण ट्रॅक्टर गोठ्यालगत उभा राहतो आणि उंदीर पहिल्यांदा नरम वायरच कुरतडतात.

स्विच बसवताना मानेवरची खाच पॅनलच्या खोबणीत नीट बसली आहे ना, हे पाहावे. ती चुकली तर नॉबबरोबर अख्खा स्विच फिरतो आणि मागे वायरींना पीळ पडतो. नट हाताने बसेल तेवढा, वर पाव फेरा. उन्हाने कडक झालेले पॅनल त्याहून जास्त सोसत नाही, तडकते. बॅटरीला पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी जोडले आणि त्यानंतर फ्यूज घातला.

पार्किंग, मागचे लाईट, डिपर, अपर आणि डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा क्रमाने पाहिला. इंजिन बंद ठेवून बल्बवर मोजले तर १२.१ व्होल्ट आले. स्विचमधून हेडलाईटसाठी आता रिलेच्या कॉईलपुरता करंट जातो, दोन-दोन दशांश अँपिअरच्याही आत. इंजिन चालू करून वीस मिनिटे लाईट ठेवले. नॉब गार होता. १५ अँपिअरचे दोन जादा फ्यूज प्लास्टिकच्या पुडीत घालून रिलेच्या पट्टीला बांधून ठेवले आहेत.