लाल दिव्याखालची जखम

मुंबईतल्या ज्या सार्वजनिक रुग्णालयात मी त्वचारोग विभागात काम करते, तिथे मासळीबाजारात बसणाऱ्या एका मावशींच्या नडगीवरच्या जखमेचा कल्चर रिपोर्ट आला आणि त्यात एमआरएसए, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू, निघाला. बहुतेक प्रतिजैविकांसमोर 'आर', म्हणजे रेझिस्टंट, छापलेले होते. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक चालले असते. पण ते मूत्रपिंडांना इजा करू शकते आणि मावशींची मूत्रपिंडे मधुमेहाने आधीच अधू झालेली असल्यामुळे ते द्यायला कोणी धजावत नव्हते. ताप नव्हता आणि संसर्गही वरवरचा दिसत होता, म्हणून नैतिकता समितीची मान्यता असलेल्या रंगद्रव्य आणि प्रकाशाने जंतू मारण्याच्या आमच्या प्रकाशोपचाराच्या अभ्यासात, त्यांची लेखी संमती घेऊन, आम्ही त्यांना दाखल करून घेतले.

मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्यात भिजवलेले गॉज जखमेवर ठेवले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाई, कपड्यांची नीळ पायाला कशाला?" खोलीत अंधार करून काही वेळाने 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल दिवा लावला. हे रंगद्रव्य प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देते आणि त्यातून निर्माण होणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप, जंतूचे पटल, प्रथिने आणि डीएनए यांवर एकदमच घाला घालतो. त्यामुळे एखादा बदल करून निसटणे जंतूला सहसा जमत नाही. 1900च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला ॲक्रिडिन या रंगद्रव्याच्या द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरताना आढळले होते. पुढे प्रतिजैविके आली आणि जंतूंविरुद्धचा हा मार्ग मागे पडला, याचे मला नेहमीच नवल वाटते.

"चरचरतंय, पण सोसेन," मावशी म्हणाल्या. दिवा बंद केला, तेव्हा कडेचा निळा रंग फिका पडलेला होता. ड्रेसिंगपूर्वी मी जखमेची खालची कड हलकेच दाबली आणि त्वचेखालून पू आला. सळई आत सरकवली, तर ती बोटाच्या पेराएवढी खोल गेली. लाल प्रकाश ऊतींत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, शिवाय रंगद्रव्यही त्या पोकळीत पोहोचलेले नव्हते. तिथे कितीही वेळ दिवा धरला असता तरी उपयोग शून्य होता. शल्यचिकित्सकांनी त्याच दुपारी ती पोकळी उघडून साफ केली, आणि मूत्रपिंडांना तुलनेने सोसणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविक, रक्तातल्या प्लेटलेट तपासत राहण्याच्या अटीवर, सुरू झाले.

पुढे आलेल्या अहवालात प्रकाशानंतर पृष्ठभागावरून घेतलेल्या स्वॅबमध्ये जंतूंची वाढ अगदी विरळ होती, तर पोकळीतल्या पुवात तोच एमआरएसए भरघोस वाढला होता. तेव्हापासून आमच्या अभ्यासात दिवा लावण्यापूर्वी प्रत्येक जखमेत सळई घालून खोली मोजली जाते.