घरघंटीची मोटार आणि सुरीचा उतार

सुऱ्या बनवायचा नाद लागला की पहिला प्रश्न ग्राइंडरचा येतो. यूट्यूबवरची अमेरिकेतली मंडळी 2 बाय 72 इंची पट्ट्याच्या (सँडपेपरचा फिरता पट्टा) मशीनशिवाय बोलतच नाहीत. मशीन उत्तमच आहे, पण त्या पैशांत आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते.

मी सावद्याला मोटारी रिवाइंड करतो. माझ्या मते पहिली खरेदी कानशीची: 12 इंची बास्टर्ड म्हणजे भरड दातांची, एक स्मूथ म्हणजे बारीक दातांची, आणि बाकाला घट्ट बसेल असा वाइस. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद लाल तापवून राखेत रात्रभर निवू द्यायचं, नाहीतर पाती घासायच्या आधी कानसच गुळगुळीत होते. उतार, म्हणजे धारेकडे निमुळती होत जाणारी बाजू, काढायला वेळ लागतो, पण पाती तापत नाही आणि काय चाललंय ते दिसत राहतं. आमच्याकडचे लोहारबाबा मला बघून हसतात, "भाऊ, घाई कसाले करस?"

आकार कापायला 4 इंची हँड ग्राइंडर. अडीच-तीन हजारांत बरा मिळतो. मिनिटाला 11,000 फेरे असतात, त्यामुळे गार्ड काढून चालवणाऱ्यांशी मी बोलत नाही. 60 नंबरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून जाडी उतरवा, उताराची शेवटची रेघ मात्र कानशीनेच.

बेंच ग्राइंडर 'घेऊनच टाक' असं सगळे सांगतात. मी घेणार नाही. 6 इंची दगड पातीला खळगे पाडतो, आणि पाणी दिलेल्या, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केलेल्या, पातीची कड निळी पडली की तिथला कडकपणा गेलाच समजा.

पट्ट्याचं मशीन हवंच असेल तर भंगारात जुन्या घरघंटीची मोटार बघा. 1 एचपी, सिंगल फेज, 1440 फेरे. घरच्या मीटरवर चालते. तिला 4 इंची चाक लावलं की पट्टा मिनिटाला साधारण 450 मीटर पळतो. 2880 फेऱ्यांच्या मोटारीवर तोच 900 मीटर होतो. नवख्या हाताला हळू पट्टाच बरा. बॉडी पूर्ण बंद असलेली घ्या. जाळीच्या भोकांतून लोखंडाचा चुरा वाइंडिंगवर बसतो आणि मग ती मोटार माझ्याकडे येते. कूलरच्या मोटारीत दम नसतो. बोअरची सबमर्सिबल तर आणूच नका, ती पाण्यात गार व्हायला बनवलेली असते, कोरडी चालवली की जळते. तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतोच.

मशीनवर वाचवलेले पैसे पट्ट्यांवर घाला. 60, 120, 240 एवढे नंबर पुरतात, नंबर मोठा तितका पट्टा बारीक. बोथट झालेला पट्टा कापत नाही, नुसता तापवतो. तो दाबून चालवण्यापेक्षा फेकलेला परवडतो. शेजारी पाण्याची बादली, डोळ्यांना गॉगल, नाकाला चांगला मास्क. उपरणं बांधून भागत नाही. आणि पाणी द्यायच्या आधी धारेच्या कडेला जवळपास 1 मिलिमीटर जाडी राहू द्या. बारीक कड भट्टीत वाकडी होते.