घर आणि वर्कशॉपसाठी वंगणतेल निवडताना

शिलाई मशीन, टेबलफॅन, दाराच्या बिजागऱ्या आणि वर्कशॉपमधील वाइस, बेंच ड्रिल, छोटा लेथ या सर्वांना चालेल असे एकच तेल कोणते, असे परिचित मला वारंवार विचारतात. एकच डबा ठेवायचा असेल, तर आयएसओ व्हीजी ३२ या दाटपणाच्या श्रेणीचे साधे खनिज हायड्रॉलिक तेल घ्यावे, असे माझे मत आहे. दोन ठेवता येत असतील, तर घरासाठी शिलाई मशीनचे पांढरे, म्हणजे रंगहीन, तेल आणि वर्कशॉपसाठी व्हीजी ६८ ही जोडी अधिक चांगली. या उत्तरामागची कारणे समजली, की दुकानात नेमके हे तेल मिळाले नाही तरी योग्य पर्याय निवडता येतो.

तेलाच्या डब्यावरील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे दाटपणाचा आकडा. आयएसओ व्हीजी ३२ याचा अर्थ ४० अंश सेल्सिअस तापमानाला त्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, सुमारे ३२ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) असते, आणि त्यात दहा टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालते. १०, १५, २२, ३२, ४६, ६८, १०० अशा या पायऱ्या आहेत व प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण दीडपट दाट असते. विदर्भात किंवा खानदेशात उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंश ही नेहमीचीच गोष्ट असल्यामुळे आपल्याकडे हा आकडा प्रत्यक्षाच्या बराच जवळ जातो. उलट हिवाळ्यात २० अंशांवर व्हीजी ६८ चे तेल जवळजवळ तिपटीने दाट होते, आणि पहाटे लेथ जड का फिरतो याचे कारण बहुधा तेच असते. इंजिन ऑइलचे एसएई आकडे मात्र वेगळ्या मोजपट्टीचे आहेत. एसएई ३० म्हणजे व्हीजी ३० नव्हे, तर अंदाजे व्हीजी १००. आणि मोटारसायकलीत घालतात ते २०डब्ल्यू-४० त्याहूनही काहीसे दाट असते.

दाटपणा ठरवताना वेग आणि भार यांचा विचार करावा. भाग वेगाने फिरत असेल आणि भार हलका असेल, तर पातळ तेलाचाही थर दोन पृष्ठभागांना अलग ठेवतो, आणि दाट तेल तेथे केवळ ओढ निर्माण करते. भाग सावकाश हलत असेल व भार मोठा असेल, तर पातळ तेल दाबाखाली बाहेर फेकले जाते. म्हणूनच शिलाई मशीनला व्हीजी १५ ते २२ च्या आसपासचे तेल योग्य ठरते, वाइसच्या स्क्रूला ६८ बरे पडते, आणि लोखंडी फाटकाच्या जड बिजागरीला तेलापेक्षा ग्रीसच जास्त टिकते.

हायड्रॉलिक तेल मी सुचवतो ते त्यातील घटकांमुळे. शुद्ध केलेले खनिज तेल, आणि त्यात ऑक्सिडेशन, गंज व झीज रोखणारी थोडी द्रव्ये, एवढाच त्याचा मामला असतो. इंडियन ऑइलचे सर्वो सिस्टिम किंवा हिंदुस्थान पेट्रोलियमचे एन्क्लो ही याच प्रकारची तेले आहेत, आणि औद्योगिक वसाहतींजवळच्या ऑइलच्या दुकानांत ती लहान प्रमाणातही मिळू शकतात. इंजिन ऑइलमध्ये मात्र काजळी तरंगत ठेवणारी डिटर्जंट द्रव्ये असतात. इंजिनात ती आवश्यक असतात, कारण तेथे काही काळाने सगळे तेल बदलले जाते; टेबलफॅनच्या बुशमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या छोट्या नळीत, त्यांचा काहीच उपयोग नसतो. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे असून त्यांच्या छिद्रांतच तेल मुरवलेले असते. त्यांना किंवा भोवतीच्या फेल्टच्या चकतीला हंगामापूर्वी स्वच्छ तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. गिअर ऑइलही सर्रास वापरू नये, कारण त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळ आणि ब्राँझ या धातूंना काही वेळा खातात. गॅरेजमधून आणलेले जळके ऑइल तर कशालाच लावू नये, कारण त्यात आम्ले, काजळी आणि धातूचा कीस असतो आणि ते वारंवार त्वचेला लागणे आरोग्याला घातक असते.

आता स्वयंपाकघरातील तेलांविषयी, कारण आपल्या घरांत हात आधी तिकडेच जातो. शेंगदाण्याचे, सूर्यफुलाचे किंवा करडईचे तेल हवेशी संयोग पावून हळूहळू चिकट राळेसारखे होते. जवसाचे तेल तर वाळते म्हणूनच रंगांत वापरतात. खोबरेल मात्र यात वेगळे आहे. त्यात संपृक्त मेदाम्ले जास्त असल्याने ते लवकर चिकटत नाही, आणि बिजागरीचा आवाज तेवढ्यापुरता थांबतोही. तथापि ते साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे नाशिक-निफाडच्या थंडीत ते वंगण म्हणून निकामी ठरते; शिवाय त्यातील मेदाम्लांमुळे पितळेवर हिरवट चिकटा धरतो. केसांसाठी उत्तम असलेले हे तेल यंत्रात घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यांचे काम निराळे आहे. १९५३ साली अमेरिकेत तयार झालेले ते मिश्रण पाणी हटवून गंज रोखण्यासाठी होते, आणि त्याचा मोठा भाग उडून जाणारा द्रावक असतो. अडकलेला नट सोडवायला किंवा कोकणातल्या पावसाळ्यात ओलसर झालेली हत्यारे पुसायला ते उत्तम. पण द्रावक उडाल्यावर उरतो तो तेलाचा पातळ थर, आणि वंगण म्हणून तो फार दिवस पुरत नाही. कुलपात तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड घालावी, म्हणजे आत धूळ चिकटत नाही. रबरी भागांना सिलिकॉन लावावे.

एक इशारा मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे: गॅस वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर कितीही घट्ट झाला तरी त्याला तेल किंवा ग्रीस लावू नये, आणि तेलकट हातांनी तो हाताळूही नये. दाबाखालील शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊन स्फोट होऊ शकतो.

दोन डबे ठेवता येत असतील, तर शिलाई मशीनसाठी पांढरेच तेल हवे, कारण हायड्रॉलिक तेलाचा पिवळसर डाग कापडावर राहतो. चुकीच्या तेलाने आधीच जाम झालेले मशीन असेल, तर नवे तेल वरून ओतू नये. आधी प्रत्येक छिद्रात रॉकेल किंवा रंगाच्या दुकानातील टर्पेंटाइन थोडे सोडावे, मशीन हळूहळू फिरवावे, विरघळलेला काळपट चिकटा फडक्याने टिपावा आणि द्रावक पूर्ण उडेपर्यंत मशीन तसेच राहू द्यावे. विजेवर चालणाऱ्या मशीनची वायर काढून आणि मोटर बाजूला करूनच हे करावे. मग प्रत्येक छिद्रात तेलाचा एकेक थेंब घालून चिंधीच्या तुकड्यावर काही टिपा माराव्यात, म्हणजे जास्तीचे तेल तिच्यातच उतरते.