गाडीच्या आतले फोटो: कुठला फ्लॅश, आणि तो ठेवायचा कुठे

गाडीच्या इंटिरिअरसाठी फ्लॅश कुठला घेऊ हे मला बरेच जण विचारतात आणि जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात वॉटचा आकडा असतो, २०० पुरेल का ४०० घेऊ वगैरे. माझं सांगणं असं की वॉट नंतर बघू. आधी गाडीत बसा, कॅमेरा जिथे लावणार तिथे डोळा न्या आणि समोर काय काय चकाकतंय ते नीट बघा. मीटरवरची काच, टचस्क्रीन, गिअरभोवतीचं पियानो ब्लॅक, म्हणजे चकचकीत काळं, प्लास्टिक, एसीच्या जाळीची क्रोमची कड, दाराचं हँडल, आरसा. यातल्या बऱ्याचशा गोष्टींत तुमचा फ्लॅश दिसणार आहे, मग तो तिथे छोटा टोकदार ठिपका म्हणून दिसणार की मोठा मऊ उजेड म्हणून, हे आधी ठरवायचं, फ्लॅशची निवड त्यानंतर बरीच सोपी होते.

मी सुरुवातीला कॅमेऱ्यावर स्पीडलाइट (कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा छोटा फ्लॅश) लावून छताला बाउन्स मारायचो, घरातल्या फोटोंना ते चालतं म्हणून गाडीतही चालेल असं वाटलं होतं. ती गाडी आतून काळी आणि छताचं कापड बेज. उजेड त्या बेज कापडावर आपटून खाली आला तो पिवळट होऊनच, काळ्या सीट तपकिरी दिसायला लागल्या, आणि खिडकीतून येणारा उजेड मात्र निळसर, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) एका बाजूला ओढला की दुसरी बाजू बिघडायची. त्यात टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड मोजून फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवायची सोय. काळं इंटिरिअर बघून टीटीएलला वाटतं अंधार आहे, तो जास्त पॉवर मारतो, पुढच्या फ्रेममध्ये क्रोम आलं की घाबरून कमी मारतो, आणि दहा फोटोंचे दहा एक्स्पोजर होतात. तेव्हापासून गाडीत फ्लॅश मॅन्युअलवरच, याला मी अपवाद करत नाही.

आता खरी अडचण. गाडीच्या आत सगळं फार जवळ जवळ असतं आणि अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथा हिस्सा उरतो. समजा फ्लॅश डॅशबोर्डपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि मागची सीट त्याच फ्लॅशपासून १२० वर. तिप्पट अंतर, म्हणजे मागे पोचतो नववा हिस्सा, तीन स्टॉपपेक्षा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). डॅशबोर्ड पांढराफटक आणि मागे काळोख. हे पॉवर वाढवून सुटत नाही, कितीही मोठा फ्लॅश आणा, प्रमाण तेच राहतं. तोच फ्लॅश गाडीबाहेर नेऊन स्टिअरिंगपासून २ मीटरवर ठेवला आणि मागची सीट ३ मीटरवर आली तर फरक एका स्टॉपच्या थोडा वर एवढाच उरतो. म्हणून मुख्य लाइट गाडीच्या बाहेर.

पण बाहेरून उघडा फ्लॅश काचेतून आत मारला तर सावल्या कडक पडतात, स्टिअरिंगची सावली मीटरवर, आरशाची सावली सीटवर. यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे पुढच्या काचेवर बाहेरून पांढरं पातळ, उजेड पसरवणारं डिफ्यूजन कापड ताणून लावायचं आणि त्या कापडावर लांबून फ्लॅश मारायचा. मग ती अख्खी काच सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारी मोठी पेटी, होते. एवढा मोठा सॉफ्टबॉक्स तुम्ही गाडीत कधीच नेऊ शकणार नाही, आणि इथे तो गाडीसोबतच आलेला आहे! पियानो ब्लॅकमध्ये मग ठिपका दिसत नाही, हळूहळू विरत जाणारा उजेड दिसतो, आणि त्यामुळे त्या भागाचा आकार कळतो. कापड मात्र खरोखर पांढरं हवं, जुनं पिवळं पडलेलं असेल तर सगळा फोटो पिवळा. आणि सुरकुती असेल तर चकचकीत पॅनेलमध्ये तीही दिसते, मी एकदा घडी न मोडता लावलं होतं आणि घडीची सरळ रेघ कन्सोलवर बरोब्बर उमटली, ती नंतर पुसायला गिअरचं सगळं पॅनेल रंगवल्यासारखं करावं लागलं.

एक लक्षात ठेवा, कापड लावलं की उजेडाचा उगम कापड झालं, मागचा फ्लॅश नाही. त्यामुळे मागची सीट परत थोडी अंधारात जाते, तिच्यासाठी दुसरा लाइट लागतोच. सनरूफ असेल तर फारच छान, त्यावर कापड टाकून वरून मारायचा. नसेल तर मागच्या काचेतून तसंच.

आता वॉटचं बोलू. कापड एक-दोन स्टॉप खातं, काच अजून थोडं खाते, वर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ/८ इतकं तरी बारीक हवं कारण जवळच्या स्टिअरिंगपासून मागच्या सीटपर्यंत सगळं शार्प पाहिजे. साधा स्पीडलाइट साधारण ६०-७५ वॉट-सेकंदाचा असतो (फ्लॅशची ताकद याच मापात मोजतात, लोक त्यालाच नुसतं वॉट म्हणतात), २०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश घेतला तर जवळजवळ दीड स्टॉप जास्त मिळतो, आणि कापडामागून मारायला तो दीड स्टॉपच कामाला येतो. ४०० त्यापेक्षा एकच स्टॉप पुढे, आणि वजन, स्टँड, सगळंच वाढतं. त्यापेक्षा गाडी उन्हातून काढून मोकळ्या सावलीत लावा, बाहेरचा उजेड तीनेक स्टॉप खाली येतो, इतकी पॉवर विकत घ्यायला गेलात तर फ्लॅश आठपट मोठा लागेल. सावलीत खिडकीबाहेरचं दृश्यही जळत नाही. शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडू शकेल अशा सगळ्यात वेगवान शटरच्या, आत ठेवायचं, १/२०० किंवा तुमच्या कॅमेऱ्याचं जे असेल ते, त्याच्या वर गेलं की हाय स्पीड सिंक (फ्लॅश एकाऐवजी भराभर छोटे झटके मारतो) लागतं आणि पॉवर पाण्यासारखी जाते.

गोडॉक्स कंपनीचा एडी२०० फ्लॅश मी यासाठी सुचवतो, कारण नुसता २०० वॉट-सेकंदाचा आहे म्हणून नाही तर त्याचं डोकं बदलता येतं. उजेड समोर एकवटणारं चपटं फ्रेनेल डोकं एक, उघड्या बल्बचं दुसरं, आणि केबलवरचं वेगळं डोकंही मिळतं, म्हणजे बॉडी सीटमागे लपवायची आणि छोटं डोकं तेवढं हवं तिथे घुसवायचं. कापडामागे उघडा बल्ब चांगला, उजेड सगळीकडे सारखा पसरतो, फ्रेनेलने कापडाच्या मधोमध गोळा पडतो. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर हेच बघा, डोकं वेगळं होतं का, बॅटरीवर चालतो का, आणि पॉवर १/१२८ पर्यंत (पूर्ण ताकदीच्या १२८व्या हिश्शापर्यंत) खाली येते का. खाली येणं हे लोक विसरतात. आत, पायाजवळ, ३० सेंटिमीटरवर फ्लॅश ठेवला की १/६४ सुद्धा कधी कधी जास्त होतं.

पायाजवळच्या जागेवरून आठवलं, तिथे साधा जुना स्पीडलाइट पुरतो. पेडलवर काळोख राहिला की फोटोचा खालचा तुकडा मेल्यासारखा वाटतो, म्हणून एक डिफ्यूजरची टोपी घातलेला स्पीडलाइट सीटखाली, कमीत कमी पॉवरवर, वर डॅशबोर्डच्या खालच्या बाजूकडे तोंड करून. नुसतं पेडल दिसतील इतपतच, जास्त झालं तर गालिच्यावरची सगळी धूळ उजेडात येते. धूळ या विषयावर मी तासभर बोलू शकतो, फ्लॅशमध्ये धूळ डोळ्याला दिसते त्याच्या चौपट दिसते, मायक्रोफायबर आणि मऊ ब्रश फ्लॅशच्या बॅगेतच ठेवा. आणि डॅशबोर्डला चकाकी आणणारं पॉलिश शूटच्या आधी लावू देऊ नका, मॅट प्लास्टिक पण आरसा होऊन बसतं.

ट्रिगर (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) एवढा जवळ असताना फायर होत नाही असं झालं तर फ्लॅशला दोष देण्याआधी मेन्यूत जा, काही ट्रिगरमध्ये ०-३० मीटर अशी वेगळी सेटिंग असते, ती लावली की चालतो. मी यात अर्धा दिवस घालवलाय.

स्क्रीन आणि मीटर हे फ्लॅशचं कामच नाही. फ्लॅशने स्क्रीन उजळत नाही, उलट त्यावरचे बोटांचे ठसे उजळतात. तर कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच ठेवायचा, फ्लॅश बंद, बाहेरचा उजेड अडवायचा, आणि शटर १/१५ च्या आसपास खाली आणून स्क्रीनसाठी वेगळी फ्रेम घ्यायची, मग एडिटमध्ये तेवढाच तुकडा वर ठेवायचा. वेगवान शटरला स्क्रीनवर पट्टे येतात ते पण यात जातात. या फ्रेमआधी मीटरवर काय दिवे लागलेत ते बघा, दार उघडं असल्याची खूण, सीट बेल्टचा लाल दिवा, हे सगळं फोटोत वाचता येतं. आणि इग्निशन तासभर चालू ठेवू नका, गाडीची बॅटरी उतरते.

लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावू का? प्लास्टिक आणि काचेवरची चमक तो कमी करतो हे खरं, पण दीड-दोन स्टॉप खातो, क्रोमवर काहीच करत नाही, काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या पडतात, आणि मागच्या टफन्ड काचेवर ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी दिसायला लागते. मी बॅगेत ठेवतो, लावतो क्वचित.

एलईडी पॅनेल व्हिडिओसाठी लागणारच, फोटोसाठी दिवसा त्याची ताकद पुरत नाही. संध्याकाळी मात्र छोटी एलईडी ट्यूब दाराच्या कप्प्यात ठेवून फार सुंदर काम होतं, डोळ्यासमोर दिसतं काय होतंय ते, आणि शिकणाऱ्याला मी आधी ट्यूबच हातात देईन, कारण चकाकी कुठे सरकते ते ती हलवताना लगेच कळतं.

शेवटी जवळून काढायचे फोटो, सीटची शिवण, स्टिअरिंगचं लेदर. इथे कापड काढून टाका. एक छोटं डोकं, उघड्या दारातून, सीटच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, इतकं तिरकं की उजेड लेदरवरून घसरत जातो. समोरून मारला तर शिवण सपाट छापल्यासारखी दिसते. तिरका मारला की प्रत्येक टाक्याला स्वतःची बारीक सावली येते, दोऱ्याचा पीळ दिसतो, लेदरची छिद्रं दिसतात, आणि सीटवर कोणी बसून उठलेलं असेल तर तो दबलेला भागही दिसतो, तेव्हा हातानं एकदा सीट सारखी करून मगच बटण दाबा.